कोकण किनाऱ्यावरील देवमासा दर्शन

कोकण किनाऱ्यावरील देवमासा दर्शन म्हणजे महाराष्ट्र व गोव्याच्या समुद्रात देवमासे, डॉल्फिन आणि त्यांच्या वर्गातील इतर सागरी सस्तन प्राणी त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहण्यासाठी केलेली सहल. जगात अशा सहलींचे सर्वांत मोठे आकर्षण हंपबॅक देवमासा हे असते. पाण्याबाहेर उसळी घेण्याच्या आणि शेपटी उंचावून बुडी मारण्याच्या सवयीमुळे तो सहज ओळखू येतो. अरबी समुद्रातही हंपबॅक देवमासे आहेत. मात्र त्यांची संख्या अत्यल्प असून कोकणच्या किनाऱ्यावरून त्यांचे दर्शन होणे ही दुर्मीळ घटना होय. येथील सहलीत प्रत्यक्षात बहुतेकदा दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, म्हणजे नावात साम्य असलेला पण आकाराने पुष्कळच लहान असा वेगळा प्राणी. सहलीची आखणी करताना हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

नाव आणि ओळख

मराठीत ‘देवमासा’ असे नाव असले तरी हा प्राणी मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, उष्ण रक्ताचा असतो, पिलांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. माशाची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते व वर-खाली हलते. व्हेल शार्क या प्राण्याच्या नावात ‘व्हेल’ असले, तरी तो मासाच आहे आणि त्याची शेपटी उभी असते. समुद्रात दिसलेला मोठा प्राणी कोणता, हे ठरवताना ही पहिली कसोटी उपयोगी पडते.

हंपबॅक देवमाशाचे शास्त्रीय नाव मेगाप्टेरा नोव्हिअँग्लिई असे आहे. ‘मेगाप्टेरा’ म्हणजे मोठ्या पंखांचा. त्याचे पुढचे पर शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब असतात. एवढे लांब पर दुसऱ्या कोणत्याही देवमाशाला नसतात. पूर्ण वाढलेला प्राणी साधारणतः १२ ते १६ मीटर लांब असून त्याचे वजन २५ ते ३० टन किंवा त्याहून अधिक भरते. बुडी मारताना तो पाठ कमानीसारखी वाकवतो आणि पाठीवरील लहान परासह तेथे कुबड आल्यासारखे दिसते. त्यावरून त्याला हे नाव पडले. डोक्यावर व जबड्यावर गाठी असतात आणि प्रत्येक गाठीत एक केस असतो. दातांऐवजी त्याच्या तोंडात झालरीसारख्या पट्ट्या (बलीन) असतात. लहान मासे व कोळंबीसारखे क्रिल यांच्यासह तो भरपूर पाणी तोंडात घेतो, पाणी या पट्ट्यांतून बाहेर सोडतो आणि भक्ष्य गिळतो.

शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येक हंपबॅकमध्ये वेगळ्या असतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे त्यांचा उपयोग होतो आणि छायाचित्रांवरून एकच प्राणी वर्षानुवर्षे ओळखता येतो. या जातीचे नर प्रजननाच्या हंगामात दीर्घ व रचनाबद्ध आवाज काढतात, त्यांना ‘गाणे’ असे म्हटले जाते. एका प्रदेशातील नर एका काळात साधारण एकच गाणे गातात आणि ते गाणे कालांतराने हळूहळू बदलत जाते.

अरबी समुद्रातील गट

जगातील बहुतेक हंपबॅक देवमासे दरवर्षी हजारो किलोमीटरचे स्थलांतर करतात. उन्हाळ्यात ते ध्रुवांकडील थंड पाण्यात अन्न खातात आणि हिवाळ्यात प्रजननासाठी उष्ण कटिबंधात येतात. अरबी समुद्रातील गट याला अपवाद आहे. तो वर्षभर याच समुद्रात राहतो. खाणे, प्रजनन आणि पिलांचे संगोपन सारे येथेच होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे ७०,००० वर्षांपासून इतर हंपबॅक देवमाशांपासून अलग राहिला आहे. जगातील हंपबॅकांत हा सर्वांत एकाकी गट मानला जातो.

उष्ण समुद्रात वर्षभर पुरेसे अन्न मिळणे एरवी कठीण असते. अरबी समुद्रात ते शक्य होते याचे कारण नैर्ऋत्य मोसमी वारे. हे वारे जून ते सप्टेंबर या काळात ओमान व येमेनच्या किनाऱ्याला समांतर वाहतात. त्यामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खोल समुद्रातील थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर वनस्पती-प्लवक वाढतात, प्लवकांवर तारलीसारखे मासे पोसले जातात आणि तारलीवर देवमासे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, लोहाऱ्यासारख्या गावांच्या शिवारातील कापूस ज्या मोसमी वाऱ्यांच्या पावसावर अवलंबून असतो, त्याच वाऱ्यांवर या देवमाशांचेही पोट अवलंबून आहे.

या गटाची संख्या फार थोडी आहे. ओमानच्या किनाऱ्यावर छायाचित्रांच्या आधारे केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील संख्या सुमारे ८२ असल्याचा अंदाज काढण्यात आला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने (आययूसीएन) २००८ मध्ये या गटाची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून केली. हंपबॅक ही जात एकूण जगात शिकारबंदीनंतर बऱ्याच प्रमाणात सावरली असली, तरी अरबी समुद्रातील गटाला ते लागू पडत नाही.

संख्या घटण्यामागे शिकारीचा मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत संघाच्या शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारताच्या समोरील समुद्रात २४२ हंपबॅक मारले. त्यांतील बहुतेक १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यातच मारले गेले. ही शिकार बेकायदा असल्याने तिची माहिती त्या वेळी लपवून ठेवण्यात आली व सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच ती उघड झाली. आज ओमानमध्ये असलेल्या अंदाजित संख्येच्या जवळजवळ तिप्पट प्राणी अशा रीतीने अल्पकाळात नष्ट झाले.

भारतीय किनाऱ्यावरील नोंदी

अरबी समुद्रातील हंपबॅकविषयीचे बहुतेक ज्ञान ओमानमधील अभ्यासातून मिळाले आहे. समुद्राच्या पूर्व बाजूस, म्हणजे भारताच्या किनाऱ्यावर, हे प्राणी केव्हा व किती येतात हे अलीकडे उमगू लागले आहे. त्यात दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली नोंद आवाजाची आहे. मार्च २०१७ मध्ये गोव्याजवळील उथळ समुद्रात ठेवलेल्या ध्वनिग्राहकावर हंपबॅकचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. प्राणी दिसला नसला तरी तो तेथे होता, हे त्याच्या आवाजावरून सिद्ध झाले.

दुसरी नोंद एका मादीच्या प्रवासाची आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर संशोधकांनी एका मादीला उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसवले. तिला ‘लुबान’ हे नाव देण्यात आले होते. अरबीत लुबान म्हणजे ऊद किंवा धूप म्हणून जाळला जाणारा सुगंधी डिंक. लुबानने अरबी समुद्र थेट ओलांडला, डिसेंबरमध्ये ती गोव्यासमोर पोहोचली आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. ओमान व भारत येथील समुद्रात वावरणारे हंपबॅक एकाच गटाचे असू शकतात, याचा हा थेट पुरावा ठरला. त्यांचे संरक्षण एकाच देशाने करून भागणार नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले.

कोकणात आढळणाऱ्या जाती

मुंबईसमोर खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ सागरतळ, बराच रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. खोल पाण्यात वावरणारे देवमासे त्यामुळे पर्यटकांच्या होड्यांच्या टप्प्यात सहसा येत नाहीत. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० कि.मी. अंतरावर असलेली आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमीदेखील खंडमंचाच्या कडेजवळच आहे. कोकणात आढळणाऱ्या मुख्य जाती पुढीलप्रमाणे आहेत.

हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन: कोकणातील सहलीत सर्वाधिक दिसणारी जात. लांबी अडीच ते पावणेतीन मीटरपर्यंत. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर लहानसा पर असतो. चोच लांब असते. हा प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, विशेषतः खाड्यांच्या मुखाशी, लहान टोळ्यांनी राहतो. तोही संकटग्रस्त आहे.

पर नसलेला शिंशुक (फिनलेस पॉरपॉइस): सुमारे दीड मीटर लांबीचा, पाठीवर पर नसलेला, लाजाळू प्राणी. क्षणभर वर येऊन पुन्हा बुडत असल्याने तो सहज लक्षात येत नाही.

ब्रायडचा देवमासा: लांबी १२ ते १५ मीटर. डोक्यावर तीन समांतर कंगोरे असतात व पाठीवरचा पर विळ्यासारखा वळलेला असतो. बुडी मारताना तो शेपटी क्वचितच वर काढतो. हंपबॅकपासून तो ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

निळा देवमासा: पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी. त्याच्या श्वासाचा फवारा उंच व सरळ असतो. पाठीवरचा पर शरीराच्या मानाने फार लहान व शेपटीजवळ असतो. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात कोकण सिटेशियन रिसर्च टीम या अभ्यासगटाला निळे देवमासे व ब्रायडचे देवमासे आढळले होते. त्याच वर्षी जून महिन्यात रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मरण पावला.

हंपबॅक या सर्वांहून वेगळा ओळखता येतो तो लांब परांवरून, डोक्यावरील गाठींवरून आणि बुडी मारताना पूर्णपणे वर येणाऱ्या शेपटीवरून. त्याच्या श्वासाचा फवारा निळ्या देवमाशाच्या फवाऱ्यापेक्षा बुटका व झुडपासारखा पसरट असतो.

सहलीचे नियोजन

हंगाम. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे प्रवासी व पर्यटन होड्या बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून कोळी समाज मासेमारीच्या नव्या हंगामाला आरंभ करतो. तथापि, समुद्र खऱ्या अर्थाने शांत होतो तो ऑक्टोबरनंतर. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सहलीसाठी सर्वांत योग्य असतो. गोव्यासमोरील हंपबॅकच्या वर उल्लेखिलेल्या दोन्ही नोंदी याच काळातील आहेत.

वेळ. सकाळची वेळ उत्तम. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा संथ असते. दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटांचे शेंडे फेसाळतात. मग पाठीवरचा पर किंवा श्वासाचा फवारा दूरवरून दिसणे कठीण होते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती असते, म्हणून खाडीच्या मुखातून बाहेर पडण्याची वेळ स्थानिक तांडेलाच्या सल्ल्याने ठरवणे हिताचे असते.

ठिकाणे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील हर्णै, मुरुड, कर्दे व लाडघर. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती व वेंगुर्ले येथून डॉल्फिन पाहण्यासाठी होड्या निघतात. देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा संगमावर मासे जमतात आणि त्यांच्यामागे डॉल्फिन येतात. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. प्राणी न दिसल्यास सहल वाया जाऊ नये यासाठी विद्यार्थ्यांच्या सहलीत रत्नागिरीतील सागरी संशोधन केंद्राचे संग्रहालय जोडता येते. तेथे देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. नवी मुंबईत ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रही याच दृष्टीने उपयुक्त आहे.

प्रवास. दापोलीसाठी खेड, तर मालवण व तारकर्लीसाठी कुडाळ ही कोकण रेल्वेवरील सोयीची स्थानके आहेत. विदर्भातून येणाऱ्यांना आधी मुंबई परिसर गाठून तेथून कोकण रेल्वेने उतरता येते; यवतमाळकरांसाठी नागपूर-मुंबई मार्गावरील धामणगाव हे जवळचे स्थानक आहे. रस्त्याने येणाऱ्यांना कोल्हापूरहून घाट उतरून सिंधुदुर्गात पोहोचता येते. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर समुद्रावर जाण्यासाठी एकच सकाळ राखून ठेवणे धोक्याचे असते. वारा प्रतिकूल असल्यास होडी निघत नाही. किमान दोन-तीन सकाळ हाताशी असाव्यात.

होडी व साहित्य. होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना असणे, प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जॅकेट असणे आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे न घेणे या तीन गोष्टी निघण्यापूर्वीच पाहाव्यात. दुर्बीण, टोपी, पिण्याचे पाणी, मोबाइल व कॅमेऱ्यासाठी जलरोधक पिशवी आणि बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले औषध, एवढे साहित्य पुरते.

समुद्रावरील वर्तन

देवमासा किंवा डॉल्फिन दिसताच होडी त्याच्या अंगावर नेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. अनेक देशांच्या नियमांत मोठ्या देवमाशांपासून किमान १०० मीटर व डॉल्फिनपासून ५० मीटर अंतर राखण्यास सांगितलेले असते. होडी प्राण्याच्या समोरून वा थेट मागून न नेता बाजूने, त्याच्या दिशेला समांतर आणि मंद गतीने न्यावी, असा संकेत आहे. टोळीच्या मधून होडी घालू नये आणि माता व पिल्लू यांच्यामध्ये तर कधीच जाऊ नये. एकाच टोळीभोवती अनेक होड्या जमल्या असतील, तर नंतर आलेल्या होडीने थांबणे इष्ट असते.

या नियमांमागे शास्त्रीय कारण आहे. हे प्राणी परस्परांशी संपर्क ठेवतात तो मुख्यतः आवाजाने. डॉल्फिन तर भक्ष्यही स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शोधतात. यंत्राच्या घरघरीत हे आवाज बुडून जातात. पाठलाग झाल्यास प्राण्याचे खाणे व विश्रांती थांबते आणि पिलाला पाजणेही खंडित होते. ज्या गटात जेमतेम शंभराच्या घरात प्राणी उरले आहेत, त्यात एका मादीला वा पिलाला होणारा उपद्रवही नगण्य मानता येत नाही. अन्न टाकून प्राण्यांना जवळ बोलावणे, शिट्ट्या वाजवणे आणि समुद्रात प्लास्टिक टाकणे हेही टाळावे लागते.

दर्शनाची नोंद

भारतीय किनाऱ्यावरील हंपबॅकविषयी माहिती इतकी थोडी आहे की सामान्य पर्यटकाने वा मच्छीमाराने केलेली एखादी नीट नोंदही अभ्यासात भर घालू शकते. नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण (शक्य असल्यास मोबाइलवरील अक्षांश-रेखांश), प्राण्यांची संख्या, पिल्लू असल्यास त्याचा उल्लेख आणि वर्तन एवढे असावे. छायाचित्रांत शेपटीची खालची बाजू व पाठीवरचा पर यांना सर्वांत अधिक मोल आहे. त्यावरून ओमानमधील छायाचित्रांशी तुलना करून तोच प्राणी ओळखता येऊ शकतो. मरीन मॅमल रिसर्च अँड कन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडिया या संशोधकांच्या जाळ्याकडे दर्शनाच्या व किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांच्या नोंदी संकलित केल्या जातात.

जिवंत प्राणी किनाऱ्याला लागलेला आढळल्यास वन विभागाला तात्काळ कळवावे लागते. त्यासाठी महाराष्ट्रात १९२६ हा क्रमांक आहे. मदत येईपर्यंत प्राण्याची त्वचा ओल्या कापडाने ओली ठेवणे, डोक्यावरील श्वासछिद्रात पाणी वा वाळू जाऊ न देणे आणि गर्दी दूर ठेवणे आवश्यक असते. शेपटीला दोर बांधून ओढल्यास प्राण्याला गंभीर इजा होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या पिलाला वाचवण्यासाठी ग्रामस्थ, वन विभाग व इतरांनी दीर्घ प्रयत्न केले. तथापि ते पिल्लू वाचू शकले नाही.

धोके आणि संरक्षण

आज हंपबॅकना सर्वांत मोठा धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. ओमानमध्ये छायाचित्रित केलेल्या प्राण्यांपैकी ३० ते ४० टक्के प्राण्यांच्या शेपटीजवळ जाळ्यात अडकल्याच्या खुणा आढळल्या. याशिवाय मालवाहू जहाजांची टक्कर, पाण्याखालील गोंगाट, तेलगळती आणि माशांच्या साठ्यांतील घट हेही धोके आहेत.

हिंदी महासागर १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने अभयारण्य घोषित केला आणि १९८६ पासून व्यापारी शिकारीवर जागतिक स्थगिती लागू झाली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देवमाशांना संरक्षण आहे. २०१८ मध्ये अरबी समुद्रातील हंपबॅकचा समावेश केंद्र शासनाच्या प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमात करण्यात आला. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षाच्या अखेरीस एक योजना सुरू केली; तीनुसार जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई दिली जाते. जाळे हेच ज्याचे भांडवल आहे, त्याने ते कापावे यासाठी असा आधार अत्यावश्यक ठरतो.

हमखास दर्शनाची ठिकाणे

हंपबॅक देवमासाच पाहणे हा सहलीचा एकमेव हेतू असेल, तर त्याची शक्यता अधिक असलेली ठिकाणे भारताबाहेर आहेत. हवाई बेटांजवळ जानेवारी ते मार्च, ऑस्ट्रेलियातील हर्वी बे येथे साधारण जुलै ते ऑक्टोबर, टोंगा बेटांजवळही त्याच सुमारास आणि आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर उन्हाळ्यात ते मोठ्या संख्येने दिसतात. भारताला जवळ असलेल्या श्रीलंकेतील मिरिस्सा येथील सहली प्रसिद्ध असल्या, तरी तेथील मुख्य आकर्षण निळा देवमासा हे आहे. या ठिकाणी दिसणारे हंपबॅक स्थलांतर करणाऱ्या मोठ्या गटांतील असतात. अरबी समुद्रातील गट मात्र अरबी समुद्रातच आहे. तो येथून नाहीसा झाल्यास त्याची जागा घेण्यासाठी दुसऱ्या समुद्रातून देवमासे येतील, असे मानण्यास हजारो वर्षांच्या त्याच्या अलगपणामुळे फारसा आधार उरत नाही.